पिशवी, नळी आणि न विचारलेला प्रश्न : मूत्रमार्गाचे कॅन्सर, गरिबी आणि मन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडून मुंबई-नागपूरला उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांबरोबर काम करताना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही वॉर्डाबाहेर हळूच, आणि बरेचसे बायकोच्या तोंडून: "हे विचारा म्हणाले." त्या प्रश्नांची ही जुळवाजुळव. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

१. हे नक्की कोणते कॅन्सर? आणि त्यांचं मनाशी वेगळं असं काय?

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी), मूत्राशय, मूत्रपिंड, वृषण आणि लिंग यांचे कॅन्सर. भीती कुठल्याही कॅन्सरची वाटते, पण या अवयवांसाठी घरात चारचौघांत उच्चारता येईल असा शब्दच नसतो. साधी गंमत बघा. मूत्राशयाला आपण ‘लघवीची पिशवी’ म्हणतो, ऑपरेशननंतर पोटाला चिकटवतात तीही पिशवी, आणि गावात ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटलं की लोक गर्भाशय समजतात. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या एका बाईंच्या नातेवाइकांनी वर्षभर हाच समज करून घेतला होता आणि बाईंनीही तो दुरुस्त केला नाही. तेच बरं वाटलं म्हणे.

तोंडाचा कॅन्सर दिसतो, लोक हळहळतात. हा झाकता येतो, म्हणून झाकला जातो. लघवी गळते, कपड्यांना वास येतो, नवरा-बायकोचं नातं बदलतं आणि हे सगळं एकट्यानं सोसावं लागतं.

२. दुःख गरिबाला काय, श्रीमंताला काय, सारखंच. मग ‘विषमता’ कसली?

दुःख सारखं असेलही, त्यानंतर जे घडतं ते सारखं नसतं. शहरातल्या विमाधारक माणसाचा प्रोस्टेट कॅन्सर पीएसए या रक्ततपासणीत सापडू शकतो. गावातला माणूस बऱ्याचदा लघवी तुंबल्यावर नाहीतर हाडं दुखू लागल्यावर येतो. लिंगाचा कॅन्सर तर आपल्याकडे गरीब, ग्रामीण पुरुषांतच जास्त दिसतो आणि लाजेपायी महिनोन्‌महिने लुंगीत लपवला जातो. उशिरा आलं की ऑपरेशन मोठं, कर्ज मोठं आणि मनावरचा घावही मोठा.

मग मनावर उपचार मिळण्याचा प्रश्न येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते. ही सर्वसाधारण लोकांची गोष्ट झाली. त्यात कॅन्सर, परगाव आणि परकी भाषा मिळवा. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा प्रोस्टेट कॅन्सरनं होणारा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठी तफावत एका वाक्यात असते. पैसेवाल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" आमच्या माणसाला विचारलं जातं, "लघवी होतेय ना?"

३. कॅन्सर झालाय म्हणजे माणूस उदास असणारच. तो आजार आहे हे कसं ओळखायचं?

निदानानंतर काही दिवस झोप उडणं, रडू येणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, कशातच मन लागत नसेल तर तपासून घ्यायला हवं. भूक मंदावणं, थकवा, वजन उतरणं यावरून इथे निदान होत नाही, कारण केमोनंही तेच होतं. बघायचं ते वेगळं. नातू जवळ आला तरी मान वर करत नाहीत. पाऊस पडला का, कापूस काय भावानं गेला, हेही विचारत नाहीत. "मी घराला भार झालो" हे पालुपद सुरू होतं.

आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही. जीव घाबरतो, डोकं जड होतं, हुरहूर लागते, अंगात त्राण नाही, अशी ती भाषा असते. डॉक्टरांना तेच शब्द सांगा, भाषांतर करू नका.

जगभर वापरली जाणारी एक सोपी मोजपट्टी आहे: गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास ० ते १० मध्ये किती? उत्तर ४ किंवा जास्त आलं तर पुढची चौकशी व्हायला हवी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे विचारता येतं. मी रुपयाचे आणे विचारते: सोळा आण्यांपैकी जीवाला किती आणे घोर आहे? म्हाताऱ्या माणसांना ते चटकन कळतं.

४. महिन्या-तीन महिन्यांचं इंजेक्शन परवडत नाही म्हणून वडिलांना ‘गोळ्या (वृषणं) काढा’ सांगितलंय. ते तयार नाहीत. काय करायचं?

पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन हा हार्मोन खतपाणी घालतो. तो बंद करायचे मुख्य दोन मार्ग. एक, ठरावीक काळानं इंजेक्शन. दुसरा, छोट्या ऑपरेशननं दोन्ही वृषणं काढणं. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखेच चालतात. ऑपरेशनचा खर्च एकदाच होतो आणि इंजेक्शनसाठी शहराच्या खेपा माराव्या लागत नाहीत, म्हणून गरीब रुग्णांत ते जास्त होतं. ते चुकीचं नाही. चूक होते ती सांगण्यात.

शेतकऱ्याला खच्ची करणं म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही, बैल बडवताना त्यानं पाहिलेलं असतं. मराठीत माणसाचा धीर मोडणं यालाही आपण खच्चीकरणच म्हणतो. त्यामुळे "सही करा, उद्या काढू" एवढंच ऐकलेला माणूस तारखेच्या आदल्या दिवशी गावी निघून गेला तर मला नवल वाटत नाही.

विचारायचं काय ते सांगते. इंजेक्शन सरकारी योजनेत बसतं का? काही महिने इंजेक्शनवर काढून मग ठरवता येईल का? वृषणांची वरची पिशवी ठेवून फक्त आतला भाग काढता येईल का? असं करता येतं, हात लावला तर अगदी रिकामं लागत नाही, आणि काहींना एवढ्यानं खूप फरक पडतो. आणि हे बोलणं सुनेसमोर नको, वडिलांशी एकट्यात व्हावं. इंजेक्शन बंद केल्यावर हार्मोन हळूहळू परत येऊ शकतो, ऑपरेशननंतर येत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

५. हार्मोनचा उपचार सुरू झाल्यापासून ते चिडतात, मध्येच रडतात. पूर्वी असे नव्हते.

हे औषधामुळेही होतं. टेस्टोस्टेरॉन गेलं की अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते, स्नायू उतरतात, इच्छा जाते, आणि नैराश्याचा धोका वाढतो. बायकोला हे पाळीच्या शेवटच्या वर्षांतलं ओळखीचं वाटेल. एका काकूंनी नवऱ्याला सांगितलं, "आता कळलं का?" दोघं हसली. मला वाटतं त्या आठवड्यात त्यांना एवढा दुसऱ्या कशाचाच उपयोग झाला नसेल.

रोज चालणं आणि हातापायांना थोडा ताण देणारा व्यायाम यानं थकवा खरोखर कमी होतो. वाफांवर औषधं आहेत, त्यातली काही नैराश्यावरचीच आहेत. अ‍ॅबिराटेरोन या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या गोळीबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, त्यानंही मूड वरखाली होतो. उपचार आपल्या मनानं थांबवू नका. गोळ्यांबद्दल प्रश्न १२ पहा.

६. पोटाला पिशवी लागली. देवपूजा, वारी, नमाज हे सगळं संपलं का?

नाही. मूत्राशय काढल्यावर आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून देतात. नीट चिकटवलेल्या पिशवीतून गळत नाही आणि वासही येत नाही. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, हा साधा नियम. वारीला जाताना जादा पिशव्या आणि रात्रीची मोठी पिशवी जवळ ठेवा, पाणी कमी पिऊ नका. सोवळ्याचं म्हणाल तर ज्यांच्या घरी हा प्रश्न निघाला तिथे शेवटी घरातल्या म्हाताऱ्या आजींनीच तो निकालात काढला: देवाला माहीत आहे. मुस्लिम रुग्णांसाठी, लघवी थांबवता न येणाऱ्याला ‘माजूर’ (नाइलाज असलेला) मानून नमाजाची मुभा आहे. वुजूचा (नमाजाआधी हातपाय धुण्याचा) तपशील आपल्या मौलानांना विचारा.

खरा घोर पैशाचा असतो. पिशव्या कायम लागतात. परवडत नाही म्हणून कुणी एकच पिशवी धुऊन, पुन्हा चिकटवून दिवस काढतं. मग कातडी सोलवटते, गळती सुरू होते, माणूस घराबाहेर पडत नाही आणि बाकीचे म्हणतात नैराश्य आलं. इथे समुपदेशनाच्या आधी पिशव्या मिळवून द्या. मुंबईतली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवीवाल्यांचीच संस्था आहे. पिशवी लावून वर्षानुवर्षं कामधंदा करणारा दुसरा माणूस बघणं, यासारखा धीर आमच्या बोलण्यानं येत नाही.

७. नवऱ्याचं लिंग कापावं लागलं. माझ्यामुळे झालं असं सासू म्हणते.

हा कॅन्सर बायकोमुळे होत नाही आणि जवळ झोपल्यानं लागत नाही. पुढची कातडी मागे न जाणं, आत साचणारी घाण, तंबाखू-विडी आणि एचपीव्ही हा विषाणू ही मुख्य कारणं. एचपीव्ही अतिशय सर्रास आढळतो, त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवू नये. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सरही याच विषाणूनं होतो, म्हणून स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी मात्र करून घ्या.

थोडा भाग काढला असेल तर बऱ्याचदा उभ्यानं लघवी आणि काही प्रमाणात संबंधही शक्य असतात. पूर्ण काढलं तर वृषणाच्या मागे नवी वाट करतात आणि बसून लघवी करावी लागते. आता हा माणूस शेतात, एसटी स्टँडवर, बांधकामावर कुठे बसणार? दार असलेला संडास हा त्याच्यासाठी मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे. डिस्चार्जच्या आधी घरी, कामावर संडास आहे का हे विचारायला हवं. फार कमी ठिकाणी विचारतात.

८. भाऊ २४ वर्षांचा, एक वृषण काढलं. लग्न ठरवताना सांगायचं का?

वृषणाचा कॅन्सर तरुणांचा आणि बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा. एका वृषणावर संसार आणि मुलं दोन्ही होऊ शकतात. केमोआधी वीर्य साठवून ठेवता येतं, पण हे गरीब मुलाला कुणी सांगतच नाही, ‘परवडणार नाही’ असं आधीच ठरवून टाकतात. निदान विचारा तरी.

लग्नाचं म्हणाल तर सांगावं. लपवून केलेल्या लग्नात तो मुलगा दर तपासणीला खोटं बोलून शहरात येतो, आणि ती धास्ती आजारापेक्षा जास्त पोखरते.

९. आजोबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलंच नाही. सांगितलं तर खचतील ना?

बहुतेकांना कळलेलं असतं. रुग्णालयाच्या पाटीवर काय लिहिलंय ते शेजारच्या खाटेवरच्या माणसानं वाचून दाखवलेलं असतं. मग आजोबा घरच्यांसाठी गप्प आणि घरचे आजोबांसाठी. त्यांनाच विचारा: "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय, की आम्ही बघून घेऊ?" नको म्हणाले तर तोही त्यांचा हक्क. पण लिंग किंवा वृषणं काढायच्या ऑपरेशनची सही काही न सांगता घेणं चालत नाही. प्रश्न ४ पहा.

१०. वडिलांना फक्त कोरकू येतं. डॉक्टरांचं बोलणं मुलगीच मराठीतून सांगते. पुरेसं आहे का?

जेवणाखाण्याचं सांगायला पुरेसं आहे, संबंध जमतात का हे विचारायला नाही. मेळघाटातून आलेल्या एका बापाला डॉक्टरांनी हा प्रश्न केला, मुलीनं मान खाली घातली आणि वडिलांना कोरकूत विचारलं, "पोट दुखतं का?" उत्तर आलं, नाही. फाईलमध्ये लिहिलं गेलं: तक्रार नाही. गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्यांचंही हेच. नात्यातला नसलेला, शक्यतो पुरुष दुभाषा मागा. वॉर्डातला दुसरा रुग्ण, गावाकडचा आरोग्यसेवक फोनवरून, काहीही चालेल. मुलीला दहा मिनिटं चहाला पाठवा.

११. मनाच्या उपचारांना पैसे कुठून आणायचे? आणि जवळ डॉक्टरच नसेल तर?

आधी फुकटचं सांगते. टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकार ओपीडी असते, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ‘येरवडा’ म्हटलं की लोक दचकतात, पण तिथेही ओपीडीचा कागद काढून भेटून परत येता येतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. समुपदेशनाच्या फेऱ्या तिच्यात बसत नाहीत. खासगी विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं कंपनीला बंधनकारक आहे.

आता घोर कमी करणाऱ्या बाकीच्या गोष्टी. रेल्वेत उपचारांसाठी जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. फॉर्मवर रुग्णालयाची सही लागते. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर रुग्ण बसतो, वय ६५ च्या वर असेल तर श्रावणबाळ योजना. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती. कागदपत्रांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (फुले योजनेच्या मदतनिसाला) आणि समाजसेवा अधीक्षकांना गाठा. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाला ‘सकारात्मक विचार करा’ सांगणं मला तरी जमत नाही.

तज्ज्ञ लांब असेल तर आशाताई आणि गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते उपयोगी पडतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन हा विषय काढला, आणि नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं सहा ते आठ भेटींत सामान्य समुपदेशकांकडून नैराश्य कमी करून दाखवलं. हे काम कॅन्सर रुग्णांपुरतं नव्हतं, पण वाट तीच आहे.

१२. मनाच्या गोळ्यांची सवय लागते का? कॅन्सरच्या औषधांबरोबर चालतात का?

नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या घबराट-झोपेच्या गोळ्यांची, ज्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणल्या जातात.

मूत्रमार्गाच्या रुग्णांनी जपायचं असं काही आहे. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची स्वस्त, दुखण्यावरही दिली जाणारी गोळी, पण तिनं लघवी तुंबू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला ती विचार करूनच द्यावी. एन्झाल्युटामाइड या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या औषधानं फिट येण्याचा थोडा धोका असतो, म्हणून बुप्रोपिऑन ही नैराश्यावरची गोळी टाळतात, तिनंही फिट येऊ शकते. वयस्कर माणसाचं सोडियम काही गोळ्यांनी उतरतं. आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर सुनिटिनिब चालू असेल तर ‘उदासी’ दिसली की आधी थायरॉइड तपासा, त्या औषधानं थायरॉइड मंदावतो. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून दोन्ही डॉक्टरांना दाखवा. (हो, आणखी एक पिशवी.)

१३. "सुटलो तर बरं" असं सारखं म्हणतात. मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. आणि सरळ विचारायचं: "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कधी कधी त्या वाक्याचा अर्थ ‘दुखणं सहन होत नाही’ एवढाच असतो, मग वेदनेचा उपचार वाढवून घ्या. पण ठरवलेलं असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या किंवा १४४१६ ला फोन करा. घरातलं कीटकनाशक शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, साठवलेल्या गोळ्या काढून घ्या. प्रयत्न केलाच असेल तर ‘पोलिसांची भानगड’ म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो.

१४. कालपर्यंत ठीक होते, रात्रीपासून बरळतात, माणसं ओळखत नाहीत. डोक्यावर परिणाम झाला का?

हे नैराश्य नाही, वेडही नाही. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात जाणं, लघवीची नळी तुंबणं, मूत्रपिंड बंद पडणं, हाडांत पसरलेल्या कॅन्सरनं कॅल्शियम वाढणं, अशी कारणं असतात. तासाभरात रुग्णालयात न्या, देवऋषाकडे नको. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी असं झालं तर रोजची दारू अचानक तुटल्यामुळेही होऊ शकतं. म्हणून भरती होतानाच रोज किती पितात ते खरं सांगा.

१५. आमच्यातली एक तृतीयपंथी आहे, शस्त्रक्रिया झालेली. तिला प्रोस्टेटचा त्रास कसा असेल?

असू शकतो. अशा शस्त्रक्रियेत प्रोस्टेट सहसा काढत नाहीत. तिची दुहेरी अडचण अशी की केस पेपरवर ‘स्त्री’ लिहिलं तर प्रोस्टेट कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि ‘पुरुष’ लिहून पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं तर ती दुसऱ्या दिवशी निघून जाते. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यानुसार आरोग्यसेवेत भेदभाव करता येत नाही. पहिल्या भेटीला सोबत कुणीतरी जा, डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं स्पष्ट सांगा, आणि कुठल्या वॉर्डात राहायचंय ते भरतीच्या आधी तिलाच विचारून लिहून घ्या.